लाउहाला म्हणजे नारळाचं पान नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात हवाईतल्या पानांच्या ब्रेसलेटवर एक छोटा मजकूर आला होता, फोटोसकट. माझ्या बहिणीने त्या पानाचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे तू करतेस तेच ना गं?' हो, तेच. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलो गावात राहून गेली चार वर्षं मी हेच शिकतेय, म्हणून अगदी आनंदाने वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीलाच अडले. 'नारळाच्या ओल्या पानांपासून दहा मिनिटांत तयार होणारं ब्रेसलेट' असं तिथे होतं, आणि फोटोखाली 'विणकाम करताना स्थानिक महिला'. फोटोतलं ब्रेसलेट मात्र नारळाचं नव्हतंच, ते लाउहालाचं, म्हणजे हाला झाडाच्या वाळलेल्या पानांचं होतं, ती दुमडलेली कड आणि तो सोनेरी-तपकिरी रंग मी झोपेतसुद्धा ओळखीन. रागाने लिहीत नाहीये, पण ज्यांनी मला हे शिकवलं त्यांच्यासाठी तरी हे दुरुस्त व्हायला पाहिजे असं मनापासून वाटतंय, म्हणून लिहायला बसले, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

हवाईयन भाषेत लाउ म्हणजे पान आणि हाला हे झाडाचं नाव, विणण्याला उलाना म्हणतात. आपला केवडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे झाड लगेच कळेल कारण दोघं एकाच पँडॅनस वंशातले, तीच तलवारीसारखी लांब पानं, त्याच काटेरी कडा, आणि खोडाच्या बुंध्याशी तिरक्या उतरलेल्या आधारमुळ्या, जणू झाड स्वतःच्या कुबड्यांवर उभं आहे. फळ लांबून अननसासारखं दिसतं त्यामुळे नवीन आलेली माणसं अननसाचं झाड समजून फोटो काढतात. नर झाडाला पांढरा तुरा येतो त्याला हिनानो म्हणतात, त्याला केवड्यासारखाच घमघमाट असतो आणि त्याच्या पांढऱ्या पातींच्या पूर्वी अगदी तलम चटया विणायचे. आमच्या हिलोच्या खाली पुना म्हणून भाग आहे, तिथलं जुनं वचनच आहे, 'पुना पाइआ आला इ का हाला', म्हणजे हालाच्या वासाने ज्याच्या भिंती दरवळतात असं पुना. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला देव्हाऱ्यातल्या केवड्याच्या पातीची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं होतं.

नारळाच्या पानाचं विणकामही इथे आहे, चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. समुद्रावर कोणीतरी हिरवी झावळी घेऊन बसलेलं असतं आणि बघता बघता टोपी, टोपली, फूल करून हातात देतं. ते ओल्या पानाचं असतं, चार दिवसांत वाळून आक्रसतं. लाउहालाचं सगळं उलटं आहे. तिथे पान आधी वाळतं, तेही शक्यतो झाडावरच, मग ते साफ होतं, मऊ होतं, चिरलं जातं आणि तेव्हा कुठे विणायला घेतात, आणि एकदा विणलं की आजीची टोपी नात घालते इतकं टिकतं. पूर्वी झोपायच्या चटया याच्याच, टोपल्या याच्याच, आणि समुद्र ओलांडणाऱ्या होड्यांची शिडंसुद्धा याच्याच चटईची. ज्या पानाने वारा धरून माणसं बेटाबेटांवर नेली त्याला 'दहा मिनिटांत' म्हणणं मला खरंच लागलं.

असल्या झटपट ब्रेसलेटचा अनुभव मीसुद्धा घेतलेला आहे, ते सांगते. आम्ही इथे आलो त्या वर्षी एका हॉटेलातल्या क्लासला मी पैसे भरून गेले होते. टेबलावर प्रत्येकापुढे सारख्या मापाच्या तयार पट्ट्या ठेवलेल्या, शिकवणारी मुलगी गोड होती, तिने एक वर एक खाली असं दाखवलं, पाऊण तासात सगळ्यांच्या मनगटात ब्रेसलेट. पान कुठलं, कोणी काढलं, कोणी साफ केलं, याबद्दल एक शब्द नाही. आठवड्याभरात माझ्या ब्रेसलेटची टोकं सुटून बाहेर आली आणि ती परत आत कशी घालायची हे मला माहीत नव्हतं. मला वाटतं तिथे माझी फसवणूक नाही झाली पण अर्धंच दिलं, आणि जे अर्धं दिलं नाही तेच खरं होतं.

नंतर शेजारणीच्या ओळखीने मी आंटींकडे गेले. इथे वयाने मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, नातं असो नसो, आणि पुरुषाला अंकल. एवढ्या एका गोष्टीने मला हे गाव परकं वाटेनासं झालं होतं. आंटी म्हणाल्या शनिवारी सकाळी ये, जाड ग्लोव्हज आण, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, कात्री नको. मी विचारलं ब्रेसलेट शिकायला किती दिवस लागतील, त्यांनी उत्तरच दिलं नाही. नंतर कळलं की इथे शिकण्याची रीतच अशी आहे, एक जुनं वचन आहे 'नाना का माका, होओलोहे का पेपेइआओ, पाआ का वाहा', डोळ्यांनी बघ, कानांनी ऐक, तोंड मिटून ठेव. आपल्याकडे प्रश्न विचारणारं मूल हुशार समजतात म्हणून मला सुरुवातीला हे जड गेलं, पण हात कसे चालतात ते बघायचं तर तोंड बंदच असावं लागतं हे चौथ्या-पाचव्या शनिवारी माझं मलाच पटलं.

पहिले तीन शनिवार फक्त पानं. झाडाजवळ गेल्यावर आधी छोटी प्रार्थना, तिला पुले म्हणतात, आणि ज्याच्या अंगणातलं झाड आहे त्याला विचारल्याशिवाय एकही पान नाही. हिरवं पान तोडायचं नाही. जमिनीवर पडून भिजलेलं पान नको, त्यावर डाग पडतात आणि बुरशी असते, तर झाडावरच वाळून खाली लोंबणारी पानं ओढून काढायची. एकेक पान तीन-चार फूट, कधी त्याहून लांब. आणि काटे बघा, ते तीन ओळींत असतात, दोन्ही कडांना आणि पाठीमागे मधल्या शिरेवर, करवतीच्या दातांसारखे, एका बाजूने हात फिरवला तर काही नाही, उलट फिरवला की रक्त. देठाकडचा जाड भाग आणि टोकाकडची शेपटी कापून टाकायची, मग नखाने कडेला छोटी चीर पाडायची आणि काट्यांची दोरी एका ओढीत सरळ खालपर्यंत सोलून काढायची. ती मध्येच तुटली तर पान तिरकं फाटतं आणि त्या पानातून चांगली पट्टी निघत नाही. मग मधली काटेरी शीर. मग ओल्या फडक्याने धूळ, मुंग्या, कोळ्यांची जाळी सगळं पुसायचं, एकदा नाही, दोन-तीनदा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत.

त्यानंतर पान मऊ करायचं. दोन्ही हातांत धरून बोटांवरून पुढे-मागे ओढत राहायचं, त्यातला ताठपणा हळूहळू जातो आणि करकर आवाज बंद होतो, तो आवाज बंद झाला की पान तयार. हल्ली काही जणी पास्ता लाटायच्या मशीनमधून काढतात, मी ते पाहिलंय आणि त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही, पण आंटी हातानेच करतात. मऊ झालेली पानं एकात एक घालून मोठी गुंडाळी करायची, तिला कुकाआ म्हणतात, आणि ती तशीच ठेवून दिली की पानं सपाट राहतात. आंटींच्या मागच्या खोलीत फळीवर अशा गुंडाळ्या ओळीने आहेत, वेगवेगळ्या रंगांच्या, काही फिकट गवती, काही लालसर, काही चहासारख्या, कारण प्रत्येक झाडाचा रंग निराळा असतो आणि त्या नुसतं बघून सांगतात हे कोणाच्या घरचं पान आहे.

मग चिरणं. लाकडी ठोकळ्यात सारख्या अंतरावर धारदार पाती बसवलेलं छोटं हत्यार असतं, त्यावरून पान ओढलं की एकसारख्या पट्ट्या निघतात. ब्रेसलेटला बारीक पट्टी लागते, एक अष्टमांश इंच म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. चटईला रुंद चालते, टोपीला मधली, पण ब्रेसलेटचं सगळं कसब त्या तीन मिलिमीटरमध्ये असतं, एखादी पट्टी जराशी रुंद निघाली तर सगळी वीण एका बाजूला कलते.

आणि आता विणणं, ज्याला लोक विणकाम समजतात ते. कापडासारखं उभं-आडवं नाही, पट्ट्या तिरक्या धावतात, कडेला पोचली की पट्टी दुमडून परत आत वळवायची, त्यामुळे कड आपोआप बांधली जाते. पानाला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद, चकचकीत बाहेर ठेवायची, दुमडताना ती उलटते म्हणून दर वळणाला लक्ष. एकेक चौकोन तयार होतो त्याला माका म्हणतात, म्हणजे डोळा. टोपी किंवा टोपली जिथून सुरू होते त्या मधल्या जागेला पिको म्हणतात, म्हणजे बेंबी. मला हे शब्द फार आवडले, विणलेली वस्तू जन्माला येते आणि तिला डोळे असतात. ब्रेसलेटचं माप मनगटावर घ्यायचं नाही, मुठीच्या हाडांवरून घ्यायचं, नाहीतर हातात जातच नाही, आणि एखाद्या गोल डब्यावर धरून विणलं की आकार चांगला येतो. कपडे वाळत घालायचे चिमटे पट्ट्या धरून ठेवायला. दोन टोकं जिथे भेटतात तिथे आधीच्याच वाटेने प्रत्येक पट्टी तीन-चार डोळे पुढे आत सरकवायची आणि मगच उरलेलं टोक कापायचं. हॉटेलात नेमकं हेच दाखवलं नव्हतं.

माझी मोठी चूक पाण्याची झाली. पट्ट्या ताठ वाटत होत्या म्हणून मी घरी रात्रभर भिजत ठेवल्या आणि सकाळी विणल्या, काय सुंदर मऊ चालत होत्या, संध्याकाळपर्यंत पूर्ण केलं. दोन दिवसांनी वाळल्यावर पट्ट्या आकसल्या आणि प्रत्येक डोळ्यात फट, वर आठवड्याभरात काळे ठिपके. हिलोत पाऊस भरपूर, हवा कायम दमट, त्यात ओलं पान बंद ठेवलं की झालंच. आंटींनी ते हातात घेतलं, काही बोलल्या नाहीत, फक्त एका फटीवर अंगठा ठेवला आणि परत दिलं. मी तिथेच बसून सगळं उसवलं. आता मी फक्त फडकं ओलं करून पट्टीवरून फिरवते.

या पानांमागे किती काय आहे ते तुमच्या वाचकांना कळावं असं वाटतं. १८२० साली मिशनरी आले, त्यानंतर हळूहळू चटयांपेक्षा टोप्यांना मागणी वाढली. याच बेटाच्या पश्चिमेला कोना आहे, तिथे कॉफीच्या मळ्यात कॉफी वेचायच्या टोपल्या लाउहालाच्या असायच्या, आणि मंदीच्या काळात बायका टोप्या विणून दुकानात द्यायच्या आणि बदल्यात वाणसामान न्यायच्या. होलुआलोआ गावात १९१४ पासून चालत आलेलं किमुरा लाउहाला शॉप आजही आहे. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच माध्यम झालं आणि मुलांच्या तोंडून हवाईयन भाषा जात राहिली, १९७८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तिला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. मधल्या त्या ऐंशी वर्षांत पिको आणि माका हे शब्द विणणाऱ्या आज्यांच्या हातांबरोबर राहिले. ग्लॅडिस कुकाना ग्रेस यांनी कोनात आपल्या आजीकडून हे शिकून घेतलं आणि १९९७ मध्ये फ्रँक मासागातानी यांच्याबरोबर ओआहू बेटावर शिकवायला मंडळ काढलं, त्याचं नाव 'उलाना मे का लोकोमाइकाइ', म्हणजे मनातल्या चांगुलपणाने विणा. २०१० मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलेतला तिथला सगळ्यात मोठा राष्ट्रीय मान. कोनाच्या एलिझाबेथ मालुइही ली यांनीही असंच कितीतरी जणांना शिकवलं. ही माणसं नसती तर आज हॉटेलात त्या तयार पट्ट्याही नसत्या.

आणि झाडं सुरक्षित आहेत असंही नाही. १९९५ मध्ये माउई बेटावर हाना इथे हालावर एक खवलेकीड सापडली, ती पानातला रस शोषते, पानं पिवळी ठिपकेदार होऊन ठिसूळ होतात आणि विणायला निकामी. ती नंतर इतर बेटांवरही गेली, म्हणून लागण झालेल्या बेटावरची पानं दुसरीकडे नेऊ नका असं इथे सारखं सांगतात. आमच्याकडे वेगळंच झालं. २०१८ मध्ये किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा पुनाच्या खालच्या भागात उतरला, ७०० हून जास्त घरं गेली, आणि आंटींच्या माहेरची हालाची झाडं त्याच्याखाली गेली. त्यांच्या आईने ज्या झाडांची पानं काढली तीच झाडं. मी एकदा हळहळून काहीतरी बोलले तर त्यांनी मला पेलेची गोष्ट सांगितली. पेले म्हणजे ज्वालामुखीची देवी, ती पहिल्यांदा या बेटांवर आली तेव्हा तिची होडी किनाऱ्यावर हालाच्या मुळ्यांत अडकली, तिने चिडून झाड उपटून तुकडे तुकडे केले आणि चहूकडे फेकले, जिथे जिथे तुकडा पडला तिथे हाला उगवलं. गोष्ट सांगून त्या परत पान सोलायला लागल्या. त्यापुढे मी काय बोलणार.

आता आम्ही पानं काढतो ती एका जपानी वंशाच्या म्हाताऱ्या अंकलच्या अंगणातून. आंटींचा नियम आहे, पहिली पूर्ण झालेली वस्तू स्वतःकडे ठेवायची नाही, देऊन टाकायची. माझं पहिलं नीट झालेलं ब्रेसलेट मला इतकं आवडलं होतं की देताना जिवावर आलं, पण दिलं, त्या अंकलना, कारण पान त्यांच्या झाडाचं. त्यांच्या हातात ते जाईना, मी माप बायकी घेतलं होतं. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खिळ्याला लावलं. तीन वर्षं झाली, अजून तिथेच आहे, ऊन खाऊन रंग मधासारखा गडद झालाय, आणि प्रत्येक वेळी मी गेले की ते बोट दाखवून म्हणतात, माझं झाड.

किमतीबद्दलही सांगते कारण मला खूप जण विचारतात. इथे बाजारात हाताने केलेलं बारीक विणीचं ब्रेसलेट वीस-तीस डॉलरला पाहिलं की लोक म्हणतात 'पानाचे एवढे?' आणि शेजारच्या टेबलावर बाहेरच्या देशातून आलेला पँडॅनसचा माल चार-पाच डॉलरला असतो तो घेतात. परदेशात ज्यांनी तो विणला त्यांचेही कष्टच आहेत, त्यांच्याबद्दल काही नाही, पण त्यावर हवाईचं नाव लावून विकणं बरोबर नाही. घेताना विचारावं, पान कुठलं आणि विणलं कोणी. ज्याने स्वतः विणलंय तो माणूस हा प्रश्न ऐकून खुलतो, आणि तुम्हाला झाडाचीसुद्धा माहिती देतो.

इथे दोन विणणाऱ्या बायका पहिल्यांदा भेटल्या की आधी विचारतात तुझी कुमू कोण, म्हणजे गुरू कोण. नाव सांगितलं की ती तुमची वीण बघते आणि मान हलवते, हं, हे वळण त्यांचंच. आपल्याकडे गाण्यात घराणं विचारतात तसंच हे. म्हणून मला फोटोखालची ती 'स्थानिक महिला' अशी बिननावाची ओळ नारळापेक्षा जास्त खटकली. त्यातही 'स्थानिक' हा शब्द इथे जपून वापरायचा असतो, लोकल म्हणजे इथे वाढलेलं कोणीही, जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज वंशाचं, आणि हवाईयन म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या वंशाचं, दोन्ही एक नाही.

मी या पत्रात आंटींचं नाव लिहिलेलं नाही. त्यांना विचारलं होतं, त्या म्हणाल्या पेपरात नको, म्हणून लिहिलं नाही. पण विचारून न लिहिणं वेगळं आणि न विचारताच 'स्थानिक महिला' लिहिणं वेगळं. तुम्ही दुरुस्ती छापाल तेव्हा नारळाचं तर बदलाच, पण तो फोटो ज्यांनी काढला त्यांनाही एकदा विचारून बघा, त्या बाईंचं नाव त्यांनी टिपून ठेवलं होतं का, आणि असेल तर, त्या हो म्हणाल्या तर, ते छापा.

आपली,
एक नियमित वाचक,
हिलो, हवाई